सहा लाखांचं ओमेगा हप्त्यावर की दोन लाखांचं लॉन्जिन्स रोख?

पर्वरीहून एकाने विचारलंय. वय 32, हातात पगार 84 हजार, गाडीचा हप्ता 13 हजार, एफडी 5 लाख, पुढच्या वर्षी लग्न. पहिलं स्विस घड्याळ घ्यायचंय. एक तर लॉन्जिन्स, साधारण 2 लाख, एफडी मोडून. नाहीतर ओमेगा सीमास्टर, 6 लाख, 24 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर, कारण "ओमेगा म्हणजे इन्व्हेस्टमेंट".

बघा, ते इन्व्हेस्टमेंटचं आधी डोक्यातून काढा. घेतलेल्या भावापेक्षा जास्तीला जातात ती रोलेक्सची काही स्टील मॉडेल्स, पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीची थोडी, आणि ती शोरूममध्ये जाऊन मागितली की मिळतात असंही नाही. सीमास्टर मस्तच आहे, 1948 पासूनची लाइन, पण विकायला काढलंत की बहुतेक वेळा कमीच हातात पडणार, लॉन्जिन्सचंही तेच. आणि रोज वापरायचं साधं स्टीलचं घड्याळ आयकरात वैयक्तिक वस्तू धरली जाते, म्हणजे विकून फायदा झालाच तर कॅपिटल गेनचा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तोही कुठे दाखवता येत नाही. हा हौसेचा खर्च आहे, आणि हौस करायला माझी काही हरकत नाही, फक्त ती खर्च म्हणून करा.

आता हप्ता. 6 लाख भागिले 24, महिना 25 हजार. गाडीचे 13 धरले की 38 गेले, उरले 46, त्यात घर चालवायचं आणि लग्नाचं बघायचं? नो-कॉस्टच्या नावावरही जाऊ नका, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलंय. दुकानात सरळ विचारा, रोख दिले तर किती सोडता, जो आकडा सांगतील तेच तुमचं व्याज. वर प्रोसेसिंग फी, आणि हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजावरचा जीएसटी वेगळा.

म्हणून लॉन्जिन्स, पण एफडी मोडून नको. लग्न तोंडावर आणि हाताशी 3 लाखच, हे मला पटत नाही. 15 हजारांची आरडी लावा, चौदा महिन्यांत पैसे उभे राहतात. तोवर किंमत वाढेल म्हणाल, तर थोडी वाढेलही, कंपन्या वाढवत असतातच, पण ऑक्टोबर 2025 पासून स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरतेय, त्यामुळे थांबून फार काही बुडत नाही.

मामेभाऊ बोटीवर आहे, दुबईहून आणेल असंही लिहिलंय. आणू दे, पण दाबोळी किंवा मोपा विमानतळावर डिक्लेअर करून ड्युटी भरायची, ती धरून हिशेब करा, बहुतेक फरक तुम्हाला वाटतो तेवढा उरत नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि डीलरचा शिक्का आहे ना, ते तिथेच बघायला सांगा.

आणि आपल्या हवेत लेदर पट्टा घेऊ नका, पावसात बुरशी धरतो. स्टीलचाच घ्या. मिरामारला पोहायला जात असाल तर पाणी सोसण्याचा आकडा 30 मीटर लिहिलेलं घड्याळ चालणार नाही, ते फक्त हात धुण्यापुरतं, पोहायला किमान 100 हवं, आणि खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवायचं. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चावी भरणारं असेल तर साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग येतं, तेव्हा गॅस्केटही, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारी रबरी रिंग, बदलून घ्यायची. तो खर्च बारीक नसतो, आरडी संपली तरी महिना हजारभर त्याच्यासाठी चालू ठेवा.