४०७चा गिअरबॉक्स आणि दोन लाखांची एफडी

प्रश्न: वडिलांची १९८९ची टाटा ४०७ (छोटा ट्रक) पुन्हा उभी करतोय. इंजिन, बॉडी झाली. दुसरा गिअर उतारावर उडतो (आपोआप निसटून न्यूट्रलला येतो), तिसरा टाकताना खरखरतो. भोसरीत गिअरबॉक्सचं पूर्ण काम ६०,००० सांगितलंय. नाना पेठेतून जुना गिअरबॉक्स आणून बसवायचे २८,०००. घरखर्च महिना ४०,०००, एफडी २ लाख. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळतंय. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: जुना गिअरबॉक्स घेऊ नका. बंद डब्यात काय झिजलंय ते कोणीच सांगू शकत नाही, आणि तो आवाज करू लागला की उतरवण्या-चढवण्याची मजुरी पुन्हा भरावी लागते.

पण ६०,००० हा आकडाही तसाच मान्य करू नका. आधी फक्त उतरवून, उघडून तपासायची मजुरी ठरवा आणि पार्टची यादी समोर बसून करून घ्या. गिअर उडण्यामागे सिलेक्टरची (गिअर निवडून जागेवर धरणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग-गोळी किंवा झिजलेला फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) असेल, तर खर्च किरकोळ. गिअरचे डॉग दात (स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारी सरकती कडी, ज्यांत अडकते ते छोटे दात) गोलावले असतील, तर गिअर आणि स्लीव्ह दोन्ही बदलावे लागतात; खरा पैसा तिथे जातो. तिसऱ्याची खरखर बहुधा सिंक्रो रिंगची (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग). रिव्हर्सही खरखरत असेल तर मात्र क्लच पूर्ण सुटत नाही, ते आधी बघा.

गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर सगळी बेअरिंग, ऑइल सील, क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील यात काटकसर नको. पाचशे-हजाराच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवणं हा सर्वांत महाग व्यवहार. बसवताना क्लचप्लेट डमी शाफ्टने (नेम धरायच्या तात्पुरत्या दांड्याने) मध्यात आणायला सांगा. गिअरबॉक्स क्लचप्लेटवर लोंबकळत ठेवला की प्लेटचा हब वाकतो, आणि बोल्ट आवळून तो ओढून बसवला तर हाउसिंगला तडा जाऊ शकतो. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचं गिअर तेल सांगितलं असेल तर जीएल-५ भरू नका. त्यातले गंधकयुक्त घटक पितळी रिंग खातात.

आता पैसे. पर्सनल लोनवर ६०,०००ला २४ महिने सुमारे २,८८० हप्ता, म्हणजे व्याजच ९,१००च्या आसपास. एफडी मोडायचीही गरज नाही. बँकेकडून एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल) घ्या. दर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ८ टक्के धरले आणि दरमहा ५,००० मुद्दल फेडलं, तर वर्षात व्याज जेमतेम २,६००, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं.

मात्र ६०,००० अडकले की मोकळे उरतात १.४ लाख, साडेतीन महिन्यांचा घरखर्च. म्हणून कमाल मर्यादा ७५,०००, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च तरी मोकळा राहील. त्यापुढे यादी गेली तर काम थांबवा. तेल लावून गुंडाळलेले गिअर सहा महिने सहज टिकतात.

आणि बयाणा देण्याआधी आरसी काढून बघा. नोंदणी व्यावसायिक असेल आणि फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) संपलेला असेल, तर आधी आरटीओत जाऊन फिटनेस, कर आणि दंडाचा हिशोब विचारा. तो ७५,०००च्या बाहेरचा, वेगळा खर्च आहे. उरलेली मजुरी गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालवून, तेल गळतंय का ते बघितल्यावर द्या, आणि काढलेले जुने पार्ट परत मागा.