म्यूर वूड्सची वाट

प्रश्न : मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला जाणार आहोत. दोघांनीही सत्तरी ओलांडली असून माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. रेडवूडचे प्राचीन वृक्ष आम्हांला चालत जाऊन पाहता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य येतील. गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला सुमारे १८ किलोमीटरवर, रेडवूड क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात म्यूर वूड्स हे वन आहे. ओढ्याकाठची मुख्य वाट बहुतेक सपाट आहे आणि बऱ्याच ठिकाणी फळ्यांची आहे. ओढ्यावरच्या दुसऱ्या छोट्या पुलापर्यंत जाऊन यायला अर्धा तास पुरतो. तरीही गुडघा साथ देत असेल, तर आणखी पुढे कॅथीड्रल ग्रोव्ह या जुन्या वृक्षांच्या राईपर्यंत जाच. गाडी लावण्यासाठी किंवा शटल बससाठी आगाऊ आरक्षण लागते, आणि खोऱ्यात मोबाइलला रेंज नसल्यामुळे त्याची पावती घरीच उतरवून घ्यावी. उन्हाळ्यातही स्वेटर हवाच.

येथील मोठी झाडे बहुतांशी ६०० ते ८०० वर्षांची आहेत, म्हणजे त्यांतील काही ज्ञानेश्वरांच्या काळात रुजलेली असणार. या ओढ्यावर धरण बांधून खोरे बुडवण्याचा घाट एका पाणी कंपनीने घातला, तेव्हा जमिनीचे मालक विल्यम केंट यांनी २९५ एकर वन सरकारला देऊन टाकले. १९०८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, आणि केंट यांच्या आग्रहावरून नाव मात्र निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर यांचे लागले.

एक कळकळीची विनंती आहे. फोटोसाठी कठडा ओलांडून बुंध्याला मिठी मारायला जाऊ नका. एवढ्या उंच झाडाला सोटमूळ नसते. त्याची मुळे फार खोल न जाता आडवी दूरवर पसरतात आणि पायांखाली माती दडपली की त्यांना पाणी मिळेनासे होते. वाटेलगतच्या झाडाची साल मात्र जरूर निरखून पाहा. काथ्यासारखी तंतुमय, तांबूस आणि काही ठिकाणी वीतभर जाड असलेली ही साल वणव्यातही झाडाला तगवते. वाटेवर पडलेले शंकूफळ तळहातावर घेतले, तर ते जेमतेम सुपारीएवढे भरेल. पाहून झाले की ते तिथेच ठेवावे. शक्यतो सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात तिकडे पाऊस जवळजवळ नसतोच, पण समुद्रावरून आलेले धुके शेंड्यांवर साचून थेंबाथेंबाने खाली टपकते आणि कोरड्या दिवसांत झाडांची तहान बऱ्याच अंशी त्यावरच भागते. ते टपटपणे ऐकायला दहा मिनिटे एखाद्या बाकावर निवांत बसा, गुडघ्यालाही तेवढाच विसावा मिळेल.