वाचकांचे प्रश्न : गोळी न झाडता मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस

प्रश्न : पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्यांमध्ये विल्यम हॅकेट या कोळसा खाणीतील कामगाराचे नाव वाचनात आले. भुयार खोदणाऱ्या माणसाला हे पदक कशासाठी दिले गेले आणि त्याचा मृतदेह अद्याप जमिनीखालीच आहे, हे खरे का?

उत्तर : होय, ते खरे आहे. हॅकेटकडे वळण्यापूर्वी भुयारी युद्धाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याचा आरंभ आपल्या सैनिकांशी निगडित आहे. २० डिसेंबर १९१४ रोजी फ्रान्समधील जिव्हाँशीजवळ जर्मनांनी भारतीय सैन्याच्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली १० सुरुंग उडवले. त्यानंतर ब्रिटिशांनी प्रतिकारासाठी १९१५ मध्ये खास भुयारी तुकड्या उभारल्या आणि त्यांत खाणकामगारांची भरती सुरू केली. ही माणसे शत्रूच्या खंदकाखाली अरुंद भुयारे नेत, त्यांत स्फोटके भरत आणि पलीकडून खोदण्याचा आवाज येतो का, हे कान लावून ऐकत.

१८७३ मध्ये नॉटिंगहॅम येथे जन्मलेला हॅकेट यॉर्कशायरमधील खाणींत वीस वर्षांहून अधिक काळ राबला होता. पायदळाने वय जास्त म्हणून त्याला तीनदा परत पाठवले. ऑक्टोबर १९१५ मध्ये मात्र भुयारी तुकडीला त्याच्या हातांची गरज होती, त्यामुळे चाळिशी उलटलेला हा माणूस सॅपर, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातील शिपाई, झाला. त्याला लिहिता-वाचता येत नसल्याने घरची पत्रे सोबती लिहून देत. इकडे तो आघाडीवर असताना तिकडे त्याच्या मुलाने खाणीतील अपघातात पाय गमावला. बापाचा नवा व्यवसाय जुन्यापेक्षा फार वेगळा नव्हता, असेच म्हणावे लागेल.

२२ जून १९१६ च्या पहाटे जिव्हाँशी येथे जर्मनांनी मोठा सुरुंग उडवला आणि हॅकेटसह पाच जण भुयारात अडकले. सुमारे २० तास माती उपसल्यावर बचाव पथकाने ढासळलेल्या लाकडांमधून एक भोक पाडले. हॅकेटने तिघांना त्यातून बाहेर ढकलले; त्यालाही सहज निघता आले असते. परंतु थॉमस कॉलिन्स हा वेल्श पलटणीचा तरुण शिपाई गंभीर जखमी होऊन आत पडला होता. ‘मी भुयार खोदणारा आहे, आधी इतरांकडे पाहिले पाहिजे,’ असे हॅकेट म्हणाल्याचे पदकाच्या अधिकृत मानपत्रात नोंदले आहे. भोक लहान होत गेले, तरी तो हलला नाही. अखेर भुयार कोसळले. पथक आणखी चार दिवस खणत राहिले, पण दोघांपर्यंत पोहोचता आले नाही.

जखमी सोबत्याला सोडून वर यायचे नाही, हे तो लष्करात शिकला असे मला वाटत नाही. तो खाणीतला धडा असावा. भुयारी तुकड्यांतील हा एकच सैनिक व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला आणि पदक त्याच्या पत्नीने नोव्हेंबर १९१६ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते स्वीकारले. एकाच भुयारात राहिलेल्या या दोघांची नावे मात्र दोन देशांत कोरली गेली : हॅकेटचे बेल्जियममधील प्लूगस्टीर्ट स्मारकावर, तर कॉलिन्सचे फ्रान्समधील थिएपव्हाल स्मारकावर. जिव्हाँशी येथे भुयारी सैनिकांचे स्मारक उभे राहण्यास २०१० साल उजाडले.