निवडणुकीआधी पक्षांची हवामान आणि ऊर्जा धोरणं कशी तपासायची? सगळे जाहीरनामे सारखेच वाटतात.

‘पर्यावरण’ हे प्रकरण आधी वाचूच नका. तिथे बहुतेक वेळा झाडं लावलेली असतात. ऊर्जा, उद्योग, वाहतूक आणि शेती ही प्रकरणं आधी काढा. खरं धोरण तिथे असतं आणि बरेचदा त्याचं पर्यावरणाच्या प्रकरणाशी भांडण असतं. इकडे उत्सर्जन घटवणार, तिकडे नव्या कोळसा खाणी उघडणार.

मग प्रत्येक टक्केवारीला विचारा: कशाची आणि कोणत्या वर्षाच्या तुलनेत? सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘१० वर्षांत उत्सर्जनाची तीव्रता ३० टक्क्यांनी कमी करू’ हे ऐकायला भारी वाटतं. पण तीव्रता म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन. अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर १० वर्षांत ती १.७९ पट होते. १.७९ गुणिले ०.७ म्हणजे साधारण १.२५. वचन तंतोतंत पाळूनही एकूण उत्सर्जन २५ टक्क्यांनी वाढलं! असं उद्दिष्ट ठेवणं गैर नाही, पण त्याला ‘घट’ म्हणून खपवत असतील तर खूण करून ठेवा. आधारवर्षाचंही तसंच. ज्या वर्षी उत्सर्जन सगळ्यात जास्त होतं तेच वर्ष निवडलं की काही न करता थोडी घट पदरात पडते.

विजेच्या वचनांत मेगावॅट (एका वेळी वीज देण्याची क्षमता) आणि युनिट (प्रत्यक्ष मिळालेली वीज) यांची गल्लत असते. १००० मेगावॅटचा सौर प्रकल्प २० टक्के क्षमता वापराने वर्षाला सुमारे १७५ कोटी युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचं औष्णिक केंद्र ६० टक्क्यांनी चाललं तर ५२५ कोटी. त्यामुळे ‘कोळशाइतकी सौर क्षमता उभारू’ याचा अर्थ कोळशाइतकी वीज असा होत नाही. बॅटरीच्या आकड्यात तास दिलेत का बघा. १००० मेगावॅटची बॅटरी २ तासांची असेल तर २० लाख युनिट साठवते, ४ तासांची असेल तर ४० लाख. तासच दिले नसतील तर त्या आकड्यावरून साठा किती ते कळतच नाही. पारेषण वाहिन्यांचा, म्हणजे प्रकल्पातली वीज दूरवर नेणाऱ्या तारांचा, उल्लेख शोधा. तो कंटाळवाणा विषय आहे म्हणून गाळला जातो, आणि मग तयार प्रकल्प वाहिनीची वाट बघत बसतात.

‘१०० टक्के हरित’ म्हणताना वीज म्हणतात की ऊर्जा? जगात अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्साच आहे. उरलेलं म्हणजे मुख्यतः वाहनांचं इंधन आणि कारखान्यांतली उष्णता. सिमेंटमध्ये तर निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड भाजल्या जाणाऱ्या चुनखडीतूनच निघतो. तिथे सौर पॅनेल लावून भागत नाही.

नेट झिरोच्या, म्हणजे जितकं उत्सर्जन तितकंच शोषून घेण्याच्या, सालाला मी फार किंमत देत नाही. दोन पक्ष २०५० म्हणत असतील आणि एक आत्तापासून उत्सर्जन घटवणार, दुसरा शेवटच्या १० वर्षांत, तर वातावरणात साचणारा एकूण कार्बन खूप वेगळा असेल. तेव्हा या एका कार्यकाळात काय होणार तेवढं अधोरेखित करा. अणुऊर्जेवर भिस्त असेल तर वेळ तपासा: फ्रान्समधल्या फ्लामनव्हिलच्या नव्या अणुभट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं आणि ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. अणुभट्टीच्या विरोधात जायचं हे कारण नव्हे, पण मधल्या वर्षांत वीज कुठून आणणार हे लिहिलेलं हवं.

पैशाचा प्रश्न दोन ओळींत उरकलेला असेल तर शंका घ्या. अनुदान कोण भरणार, करदाता की वीजग्राहक? फुकट विजेचं वचन असेल तर वितरण कंपनीचा तोटा कुठे दाखवणार?

शेवटी पक्ष आधी सत्तेत असेल तर त्याचा अर्थसंकल्प काढा. घोषित तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे मिळतील, तिसराच बघा. विरोधात असेल तर संबंधित विधेयकांवर त्यांनी मतदान कसं केलं ते सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत शोधा. मतविभागणी (कोणी कसं मत दिलं याची नोंद होणारं मतदान) झाली नसेल तर भाषणं आणि सुचवलेल्या दुरुस्त्या तरी सापडतात, त्यावरूनही बऱ्यापैकी अंदाज येतो.