वाचकांचे प्रश्न : फादरांची बदली

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांना आठ वर्षं झाली, आता बदलीचं पत्र आलंय. सह्या गोळा करून बदली थांबवता येईल का? (एक वाचक, वसई)

उत्तर : सह्या बिशपांपर्यंत पोहोचतात, पण त्यांची झळ बसते ती नव्या फादरांना. बिचारे येण्याआधीच 'नको असलेले' ठरतात.

कॅनन कायद्याचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, मूळ कल स्थैर्याकडे आहे (कलम ५२२). ठरावीक मुदतीची नेमणूक करायची तर बिशप परिषदेने तशी मोकळीक दिलेली असावी लागते. बदलीचा प्रस्ताव बिशप लेखी देतात. फादरांना तो पटत नसेल तर त्यांनी कारणं लेखी कळवायची. त्यानंतरही बिशपांना बदली करायचीच असेल, तर ठरलेल्या दोन प्रमुख धर्मगुरूंशी विचारविनिमय करावा लागतो (कलमं १७४८ ते १७५०). हा मामला बिशप आणि फादर यांच्यामधला. फादरांना स्वतःलाच जायचं असतं आणि लोक सह्या घेत फिरत असतात, असंही होतं.

त्यापेक्षा निरोप समारंभाआधी चर्चच्या दप्तराकडे, म्हणजे नोंदवह्यांकडे बघा. शाल-श्रीफळाची तयारी महिनाभर चालते आणि वह्या शेवटच्या दुपारी घाईघाईने हातात ठेवल्या जातात.

सगळ्यात जास्त घोटाळा स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवहीत होतो. दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि विवाह यांची नोंद तिथेच, त्या व्यक्तीच्या नावासमोर व्हायला हवी. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात लागलं तर तिथल्या धर्मगुरूंनी मूळ धर्मग्रामाला कळवायचं असतं (कलम ११२२). ते पत्र आलं नाही, किंवा येऊन टेबलाच्या खणात पडून राहिलं, तर लग्न झालेल्या माणसाचा स्नानसंस्काराचा दाखला लग्नाच्या नोंदीशिवाय निघतो. म्हणजे कागदावर तो अविवाहित! म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांतली सूचनापत्रं काढून वहीशी ताडून घ्या. त्यात सचिव मदत करू शकतात. सही मात्र फादरांची.

दुसरी वही मिस्सांच्या हेतूंची, म्हणजे लोक दान देऊन ज्या कारणासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्पण करायला सांगतात त्याची. किती हेतू घेतले, दान किती, कितींची मिस्सा झाली, हे त्यात असायला हवं. वर्षभरात होणार नाहीत इतके हेतू स्वीकारायचे नसतात (९५३). नोव्हेंबरात मृतांसाठी हेतूंचा ढीग येतो आणि बदली मध्येच आली तर उरलेल्यांचा हिशेब कुणालाच लागत नाही. उरलेल्या हेतूंची यादी आणि दानाची रक्कम नव्या फादरांकडे एकत्रच सोपवली जावी.

प्रश्न : पालकीय समितीने (पॅरिश कौन्सिलने) बहुमताने ठराव केला, फादरांनी तो बाजूला ठेवला. हे चालतं का?

उत्तर : चालतं. ही समिती सल्लागार असते आणि तिचे अध्यक्ष फादरच असतात (५३६). आर्थिक समितीही मदतीसाठीच असते, पण ती असणं मात्र सक्तीचं आहे (५३७). ठराव नाकारला तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या फादरांना जुना वाद कळायला तेवढा एकच धागा मिळतो.

प्रश्न : फादर सुट्टीवर गेले की लोक कुरकुरतात. त्यांना किती दिवस सुट्टी घेता येते?

उत्तर : वर्षाला जास्तीत जास्त एक महिना, सलग किंवा तोडून (५३३). वार्षिक एकांतसाधनेचे दिवस यात धरत नाहीत. आठवड्याहून जास्त बाहेर जायचं असेल तर धर्मप्रांताला आधी कळवायचं असतं. तेवढ्या दिवसांत आजाऱ्यांसाठी कुणाला बोलवायचं, ते नाव आणि फोन नंबर चर्चच्या दारावर लावून ठेवा.