केसपेपर आणि नवऱ्याची धमकी

प्रश्न : नवरा हात उगारतो, मला रात्रभर झोप नसते. ‘मानसोपचाराला गेलीस तर वेडी ठरवून मुलगी काढून घेईन,’ म्हणतो. (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : नुसत्या उपचारांवरून कोणी वेडं ठरत नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तसं स्पष्ट सांगतो. सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत एकट्या जा. मारहाण केसपेपरवर लिहायला लावा. नुसतं ‘निद्रानाश’ लिहिलं, तर गोळ्या मिळतात, कारण मात्र गळून पडतं. आणि कोर्टात तेच लागतं. साध्या कागदावर सही करून आईला किंवा बहिणीला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ (उपचारांच्या निर्णयांत तुमच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) नेमा. नाहीतर नातेवाईक म्हणून तो हक्क नवराच सांगेल! फाईल माहेरी ठेवा. अंगावर आला तर १८१ अभयम, ही गुजरातची महिला हेल्पलाईन. बोलायचं असेल तर टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, १४४१६. फोनमधून नंबर लगेच पुसा.