पायलट व्हायचंय, पण विमान लागतं!

प्रश्न : माझा मुलगा हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत फ्लाइट कॅडेट आहे. पिलॅटस या प्रशिक्षण विमानात लूप, रोल अशा हवाई कसरती सुरू झाल्यापासून त्याला उलट्या होतात. लहानपणी कोकणात जाताना त्याला गाडी लागायची, तेव्हा मी गोळी द्यायचे. तीच कुरिअरने पाठवू का? आणि अशा अवस्थेत हवेत इंजिन बंद पडलं तर?
– एक आई, गिरगाव

उत्तर : ताई, गोळी अजिबात पाठवू नका. या गोळ्यांनी गुंगी येते. गुपचूप गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसणारा कॅडेट मला उलटी करणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. औषध द्यायचं की नाही, ते तिथले हवाई दलाचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, एवढं मात्र त्याला बजावा.

मी प्रशिक्षक होतो. मागच्या सीटवरून पुढच्या पोराची मान दिसते. बोलका पोरगा एकदम गप्प झाला, की समजायचं. गेटवेहून मांडव्याला जाताना लाँच हलायला लागली की मोबाइलमध्ये बघणारा आधी हिरवा पडतो, सुकाणूवरचा तांडेल मस्त असतो. कारण आतल्या कानाला हेलकावे कळतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मेंदू गोंधळतो. तांडेलाला पुढची लाट आधीच दिसते. म्हणून मळमळलं की आम्ही स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, पोराच्याच हातात द्यायचो. नजर क्षितिजावर ठेवायची. वळण चालू असताना मान खाली घालून मांडीवरच्या पॅडवर लिहायचं नाही, त्यानं हमखास उलटी होते. रिकाम्या पोटी उडू नये, आणि तेलकट पुरी-भाजी खाऊनही नाही. उलटी येतेयसं वाटलं की आधी तोंडावरचा ऑक्सिजन मास्क काढायचा, मग पिशवी. लाज वाटून मास्कमध्येच उलटी केली, तर श्वास अडकायची भीती असते.

उडत राहिलं की बहुतेकांचं अंग सरावतं. नाहीच सरावलं, तर बेंगळुरूला हवाई दलाची वैमानिकी वैद्यक संस्था आहे. तिथे फिरत्या खुर्चीवर बसवून हळूहळू सवय करून देतात. तरीही काहींना उड्डाण सोडावं लागतं, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

आता इंजिनचं. सध्या मागे प्रशिक्षक बसलेला असतो. पोराला झेपेनासं झालं, तर ‘यू हॅव कंट्रोल्स’ म्हणून त्यानं विमान सोपवायचं. यात कमीपणा नाही. एकट्याने उडायची परवानगी तर या सगळ्यात पक्का झाल्याशिवाय मिळतच नाही. आणीबाणीच्या कृती तोंडपाठ लागतात. जमिनीवर उभ्या विमानात डोळे बांधून एकेक स्विच हाताने शोधायला लावतात. इंजिन गेलं तर आधी विमानाचं नाक सावरून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत जायचा, वेग धरायचा, मग उतरायची जागा, मग पुन्हा सुरू होतंय का ते बघायचं. रेडिओवर बोलणं त्यानंतर. हात असे कामात गुंतले की पोटाची आठवण बहुधा राहत नाही.

फोनवर मात्र रोज ‘आज झाली का रे?’ विचारू नका. त्या धास्तीनेही मळमळ वाढते.

कुरिअर करायचंच असेल, तर आलेपाक पाठवा. औषध म्हणून नव्हे, खाऊ म्हणून. दोन डबे पाठवा. पहिला मित्रच संपवतील.